मित्रांसोबत झुरिकचे सरोवर पोहून कसे पार करावे

झुरिकमधील टीफेनब्रुनेन आणि मीटेनके या समोरासमोरच्या स्नानतटांमध्ये सुमारे दीड किलोमीटर पाणी आहे, आणि दरवर्षी उन्हाळ्यात हजारो लोक एकाच दिवशी ते पोहून ओलांडतात. चारपाच मित्रांनी मिळून हेच करायचे असेल, तर ज्याला जलतरण तलावात न थांबता दोन किलोमीटर पोहता येत नाही त्याने सोबतच्या नावेत बसावे. नाव वल्ह्यांची असावी, आणि प्रत्येकाच्या कमरेला मागे तरंगणारा नारिंगी फुगा बांधलेला असावा. किनाऱ्यावरचा नारिंगी दिवा मिनिटाला ४० वेळा लुकलुकत असेल तर जोराचा वारा येण्याची शक्यता असते आणि ९० वेळा लुकलुकत असेल तर वादळ तोंडावर असते. दोन्ही वेळा घरी जाऊन चहा प्यावा.

सकाळी टीफेनब्रुनेनहून निघावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. छातीभर पाण्यात उभे राहून श्वास ताळ्यावर येऊ द्यावा आणि मगच हात मारायला सुरुवात करावी.

खरी अडचण पहिल्या ५०० मीटरनंतर येते, आणि ती दिशेची आहे. जलतरण तलावाच्या तळाशी काळी रेघ असते. येथे गॉगलमधून खाली हिरवट अंधाराखेरीज काहीही दिसत नाही, आणि जो एकाच बाजूला श्वास घेतो तो नकळत वळत जातो. ‘पुढच्याच्या मागे पोहत राहा’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक जण देतो आणि तो टाकाऊ आहे. पहिल्या वर्षी मी तो निष्ठेने पाळला. पुढच्या मित्राच्या फुग्यावर नजर ठेवून मी पंधरा मिनिटे पोहलो; तो चुकला म्हणून मीही चुकलो, आणि नावाड्याच्या हाका आम्हा दोघांना ऐकू आल्या तेव्हा आम्ही दक्षिणेकडे, म्हणजे सरोवराच्या लांबीच्या दिशेने, निघालो होतो. त्या दिशेला पलीकडचा काठ लवकर येत नाही.

पोहणाऱ्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम १० सेंटिमीटर वर येतात आणि तेवढ्या उंचीवरून लहानशी लाटही समोरचे झाकते, त्यामुळे सुरुवातीला समोरच्या काठावरची बुटकी खोली किंवा झेंडा शोधण्यात अर्थ नसतो. खूण उंच हवी. पलीकडच्या उएटलिबर्ग डोंगराच्या माथ्यावरचा मनोरा पाण्यातून सर्वांत आधी सापडतो, परंतु तो मीटेनकेच्या किंचित डावीकडे पडतो. त्याच्यावरच नेम धरणारे काठाला भलतीकडे लागतात. म्हणून निघण्यापूर्वी, अंगाला पाणी लागायच्या आधी, पलीकडे पाण्याबाहेर पडण्याच्या जागेजवळचे एक उंच झाड आणि त्याच्या नेमकी मागे दिसणारी डोंगरावरची एक खूण अशी जोडी ठरवून घ्यावी. मागची खूण झाडाच्या उजवीकडे सरकलेली दिसली तर तुम्ही उजवीकडे वाहवला आहात, डावीकडे वळावे. सगळ्यांनीच तीच जोडी पाहिलेली असावी. किनाऱ्यावर एकमेकांना बोट दाखवून खात्री करून घ्यावी, कारण ‘ते मोठे झाड’ प्रत्येकाचे वेगळे असते.

पाहण्याचीही पद्धत आहे. पूर्ण डोके वर काढले की पाय बुडतात आणि मान आखडते. आठ हात झाले की पुढचा हात पाणी पकडत असताना मगरीसारखे फक्त डोळे वर काढावेत आणि लगेच बाजूला वळून श्वास घ्यावा. समोर तोंड ठेवून श्वास घेतला तर पाणी गिळाल. एका नजरेत खूण सापडली नाही तर आणखी तीन हात मारून पुन्हा पाहावे. हे आधी तलावात किमान महिनाभर करावे. सरोवराच्या मध्यावर शिकता येत नाही, मी करून पाहिले आहे.

जोड्या कराव्यात. वेगवान माणसाने सावकाश पोहणाऱ्याच्या श्वास घेण्याच्या बाजूला राहावे, म्हणजे प्रत्येक श्वासाला चेहरा दिसतो. नाव शेजारून चालवावी, पुढे नव्हे. प्रवासी बोट दिसली तर सर्वांनी नावेभोवती गोळा होऊन तिला जाऊ द्यावे. ती तुमच्यासाठी वळेल असे समजू नये.

मीटेनकेला शिडीने वर यावे आणि थेट कोरडे, उबदार कपडे घालावेत, कारण बाहेर आल्यावरही काही मिनिटे शरीर गार होत राहते. नावाड्याने तोपर्यंत मोठ्याने एकेकाचे नाव घेऊन डोकी मोजावीत, आणि प्रत्येकाने ‘ओ’ दिल्याशिवाय फराळाचा डबा उघडू नये.