प्रोसेसमध्ये नोकरी धरताय? आधी रंगाची खोली बघून या

इचलकरंजीत टेक्स्टाइलचा डिप्लोमा झाला की बरीच मुलं प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड ब्लीच करून रंगवणाऱ्या कारखान्यात लागतात. घरच्यांना काळजी असते ती वाफेची. ती रास्तच आहे. पॉलिस्टर रंगवताना जेट मशीनमध्ये 130 अंशांचं पाणी दाबाखाली फिरत असतं. ते 80 च्या खाली येऊन दाब शून्यावर दिसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, लॉटची, म्हणजे मशीनमधल्या कापडाच्या खेपेची, कितीही घाई असो. पण वाफेला माणूस आपणहून भितो. डाईंगमधल्या माझ्या नोकरीत दम्यामुळे काम सोडावं लागलेले जे लोक मी पाहिले, ते मशीनवरचे नव्हते. ते रंगाचं वजन करणारे होते.

सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बारीक भुकटीत येतात. बंद खोलीत, पंखा चालू ठेवून ड्रम उघडला की ती सगळीकडे उडते. काहींच्या शरीराला या रंगांची अ‍ॅलर्जी बसते. आधी शिंका, मग नाक गळणं, मग रात्रीचा खोकला. कामाच्या दिवशी त्रास आणि सुट्टीला आराम, असं होत असेल तर सर्दी म्हणून अंगावर काढू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि कोणता रंग हाताळता ते नावासकट सांगा. अ‍ॅलर्जी एकदा पक्की झाली की अगदी थोड्या धुळीनेही दम लागतो, म्हणून कामाचं खातं वेळेत बदलून घ्या. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-95 मास्क घट्ट बसवून वापरा.

हायड्रोच्या, म्हणजे रंग उतरवायच्या सोडियम हायड्रोसल्फाइट भुकटीच्या, ड्रममध्ये ओला मग कधीही घालू नका. थोडंसं पाणी लागलं तरी तो तापतो, पेटतो आणि घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड सोडतो. ब्लीचिंगच्या हायपोत (सोडियम हायपोक्लोराइटमध्ये) अ‍ॅसिड मिसळलं तर क्लोरीन सुटतो. हातावरचा रंग काढायला याच हायड्रोने किंवा हायपोने हात धुण्याची पद्धत आजही आहे, आणि मला तिचा सर्वात जास्त राग येतो. बोटं भेगाळतात, खरूज झाल्यासारखी दिसतात, आणि त्या भेगांतून पुढचं रसायन आत शिरतं. हातमोजे मागून घ्या, द्यायला टाळाटाळ झाली तरी मागत राहा.

सांडपाण्याच्या टाकीत कोणी बेशुद्ध पडला तरी त्याच्यामागे उतरू नका, वायू दिसत नाही. 6 जानेवारी 2022 ला सुरतच्या सचिन जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नाल्यात टँकरमधून रसायन सोडल्यावर विषारी वायू पसरला आणि शेजारच्या डाईंग मिलमधले सहा कामगार दगावले. ते तर कुठल्या टाकीत उतरलेही नव्हते.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी रंग वजन करायची खोली दाखवा म्हणा. धूळ ओढून घेणारा पंखा आहे का, डोळे धुवायला नळ कुठे, पाळी आठ तासांची की बारा तासांची, हे विचारा. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, नंबर पहिल्याच महिन्यात हातात घ्या.