काचेखालचे लाल लेट्यूस : पानांतील रंगद्रव्यांचा घरगुती प्रयोग

खिडकीची काच सूर्यप्रकाशातील २८० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील-बी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, तर साधे पारदर्शक पॉलिथिन ते बऱ्याच अंशी आत येऊ देते. एवढ्या फरकाच्या आधारे, या किरणांना पान कसा प्रतिसाद देते हे हिवाळ्यात गच्चीवर पाहता येते.

लाल लेट्यूसची चार-पाच पानांची सहा एकसारखी रोपे निवडून तीन-तीन रोपांचे दोन ट्रे उन्हात ठेवावेत. एकावर काच आणि दुसऱ्यावर साधे पॉलिथिन घालावे. पॉलिहाऊसचा कागद मात्र घेऊ नये, कारण त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असू शकतात. अतिनील-बी किरणांचा मोठा भाग निळ्या आकाशातून विखरून येतो, त्यामुळे आच्छादन ट्रेच्या कडेबाहेर चारही बाजूंनी चांगले वीतभर असावे. थंडीनेही लाली चढते आणि उष्णतेने ती उतरते, म्हणून दोन्ही आच्छादने विटांवर उचलून वारा खेळता ठेवावा व दोन्हींखालचे तापमान रोज नोंदवावे. ही काळजी घेतली नाही, तर निष्कर्षाला काहीच अर्थ राहत नाही.

दोन आठवड्यांनी दोन्ही ट्रेमधील सारख्याच वयाची पाच-पाच ग्रॅम पाने खलात वेगवेगळी कुटावीत, प्रत्येकीत अर्धी वाटी कोमट पाणी व चमचाभर व्हिनेगर घालून गाळावीत आणि दोन्ही पेले पांढऱ्या कागदासमोर धरावेत. पॉलिथिनखालच्या पानांचा अर्क सहसा अधिक गडद गुलाबी दिसतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत गेल्यास फेस येतो आणि गुलाबी रंग हळूहळू निळसर-हिरवट होतो. ही अँथोसायनिन या लाल-जांभळ्या रंगद्रव्याची खूण आहे. लाल माठ या प्रयोगाला चालत नाही, कारण त्याचा लाल रंग बीटालेन या वेगळ्याच द्रव्याचा असतो.

यूव्हीआर८ हे प्रथिन अतिनील-बी किरण ओळखते, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. पेशीत जोडीने असलेले हे प्रथिन किरण पडताच सुटे होते आणि फ्लेव्होनॉइड नावाची किरण शोषणारी द्रव्ये तयार करणारी जनुके कार्यान्वित होतात. ही द्रव्ये मुख्यतः पानाच्या बाह्यत्वचेत साठतात आणि आतील हरितद्रव्याच्या पेशींपर्यंत किरण पोहोचू देत नाहीत. त्यांतील बरीचशी आपल्या डोळ्यांना रंगहीन असतात. अँथोसायनिन हे त्यांच्याच कुळातले, पण ते प्रामुख्याने हिरवा प्रकाश शोषते. म्हणून पेल्यातील लाली पाहून पानाचे संरक्षण मोजू नये; ती केवळ प्रतिसाद सुरू झाल्याची साक्ष आहे.

काचेखालची रोपे नंतर उघड्यावर लावायची असल्यास पहिल्या दिवशी फक्त सकाळचे तासभर ऊन द्यावे आणि आठवडाभरात ते वाढवत न्यावे, कारण बाह्यत्वचेत ही द्रव्ये साठायला काही दिवस लागतात.