पेट्रोलवरची चेनसॉ घरच्या घरी कशी सांभाळावी आणि दुरुस्त करावी

मागच्या जूनमधल्या वादळी पावसात इंदूरकडच्या सिमरोल गावाजवळच्या आमच्या शेतात बांधावरची जुनी बाभूळ विहिरीच्या वाटेवर आडवी झाली. चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, काढली, दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला, पण इंजिन दोन क्षण फुरफुरून बंद पडायचं. शेवटी ती गाडीत टाकून इंदूरच्या सियागंज बाजारात नेली. मिस्त्रींनी टाकीचं झाकण उघडून नुसता वास घेतला. "इंजिन अच्छा है भैया, पेट्रोल मर गया है." टाकीत दिवाळीच्या सुमारास भरलेलं पेट्रोल तसंच राहिलं होतं.

तेव्हापासून मशीन मीच सांभाळतो. जे शिकलो ते क्रमाने लिहितो, कारण पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरच्या आसपास शेती किंवा बाग असलेल्या प्रत्येकाला हे लागतं. हात लावण्याआधी मशीन थंड होऊ द्या आणि स्पार्क प्लगची टोपी ओढून काढा. चेनजवळ बोटं जाणार असतील तेव्हा जाड हातमोजे हवेतच.

पेट्रोल आणि टू-टी ऑइल

हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देतं. प्रमाण तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ५०:१ असेल तर एका लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नका. मेडिकलच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणून ठेवा, वर्षभर पुरते. ऑइल कमी पडलं तर पिस्टनवर चरे पडतात आणि मग खर्च खरोखर मोठा होतो. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल इथे चालत नाही.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, तेव्हा आपल्या मशीनची मर्यादा पाहून घ्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पेट्रोल टाकीत पडून राहिलं की रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक होतो. म्हणून मिश्रण दोन-तीन आठवड्यांत संपेल इतकंच करा. उरलं तर ते टाकीत ठेवू नका.

सुरूच होत नसेल तर

प्लग काढून बघा. ओला असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय: प्लग पुसून वाळवा, चोक 'ऑफ' ठेवा, म्हणजे हवेची वाट पूर्ण उघडी राहील, प्लग बाहेर असतानाच दोरी पाच-सहा वेळा ओढा. कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाही. टाकीत वाकवलेली तार घालून नळीच्या टोकाचा छोटा फिल्टर बाहेर ओढा. तो काळवंडला असेल तर बदला, फार स्वस्त मिळतो. प्लगचं टोक फिकट तपकिरी दिसलं तर सगळं ठीक. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा एअर फिल्टर भुशाने तुंबलाय. फिल्टर कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.

कार्बोरेटरचे स्क्रू मोकळ्या हाताने फिरवू नका. इंजिन मंद चालत असताना चेन फिरत राहिली तर आयडलचा स्क्रू थोडासा उलटा फिरवा, एवढंच आपलं काम. बाकीचे दोन मिस्त्रींकडे सोडा. चुकून मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली तर पिस्टन जळतो. दोरी ओढताना काहीच जोर लागत नसेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. तेव्हाही सरळ मिस्त्रींकडे जा.

धार: भुसा बघून ओळखा

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. धार चांगली असेल तर कापताना जाड, चपटे तुकडे पडतात, आपल्या सकाळच्या पोह्यांसारखे. बेसनासारखं बारीक पीठ उडायला लागलं की थांबा. अशा वेळी लोक मशीन लाकडावर दाबतात. त्याने इंजिन तापतं, बार (जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी) घासला जातो आणि हात थकले की अपघात होतो.

लागणारी गोल कानस चेनच्या मापाची हवी. छोट्या लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांच्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिमी. दुकानात जुनी चेनच दाखवली तर चूक होत नाही. बार शिकंजात (व्हाइसमध्ये) धरा, शिकंजा नसेल तर ओंडक्यात खाच पाडून त्यात घट्ट बसवा. आधी सगळ्यांत झिजलेला दात शोधा आणि त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. तिथून सुरुवात, तिथेच शेवट.

बहुतेक चेनच्या दाताच्या वरच्या पात्यावर एक तिरकी रेघ कोरलेली असते, साधारण ३० अंशांची. कानस तिला समांतर, आडवी ठेवा. जाडीचा पाचवा भाग दाताच्या वर दिसला पाहिजे. आतून बाहेर ढकला, परत आणताना उचला. मागे-पुढे घासलं तर कानसही जाते आणि धारही. प्रत्येक दाताला तीन-चार सारखे फटके. एक दात सोडून पुढचा, कारण मधले दात उलट्या बाजूचे असतात. ते बाजू बदलून करायचे. दोन्ही बाजूंचे दात सारख्या लांबीचे राहिले नाहीत तर लाकूड वाकडं कापलं जातं. धार लागली की पात्याच्या कडेवरची पांढरी चमक नाहीशी होते. चमकतोय तो दात अजून बोथट आहे.

तीन-चार धारांनंतर दातापुढचा छोटा उंचवटाही चपट्या कानशीने उतरवावा लागतो. तो पात्याच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा. त्यासाठी पत्र्याचं गेज वापरा. जास्त उतरवला तर चेन लाकडात घुसते आणि मशीन झटका देऊन तोंडाकडे येते.

बार, चेन आणि तेल

माळव्यातली काळी माती तेलात मिसळली की बारच्या खाचेत तिचा घट्ट गाळ जमतो. हॅकसॉच्या जुन्या ब्लेडच्या तुकड्याने खाच खरवडा, बारच्या बुडाजवळचं तेलाचं बारीक भोक तारेने मोकळं करा, आणि परत बसवताना बार उलटा करा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

चेन बसवताना नट सैल ठेवा, बारचं टोक वर उचलून धरा, ताणाचा स्क्रू फिरवा आणि टोक तसंच धरून नट आवळा. चेन खालून बारला टेकलेली हवी, तरी हाताने सहज ओढता आली पाहिजे. नवी चेन पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ताणली जाते, तेव्हा थांबून पुन्हा बघा. कामात तापून सैल झालेली चेन ताणली असेल तर काम संपल्यावर लगेच सैल करा. थंड होताना ती आक्रसते आणि सगळा ताण इंजिनावर पडतो.

पेट्रोल भराल तेव्हा दर वेळी चेनचं तेलही भरा. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून बरेच जण तेच घालतात. कृपा करून घालू नका, त्यातले धातूचे कण पंपात जातात. तेल येतंय का हे बघायला बारचं टोक जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्राजवळ धरून, कागदाला न टेकवता, थोडा वेग द्या. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. सुरू करण्याआधी चेनब्रेक (चेन अडवणारा पुढचा दांडा) पुढे ढकलून बघा: ब्रेक लागला की चेन हाताने हलता कामा नये.

शहरात घराजवळचं उभं झाड कापायचं असेल तर नगर निगमची परवानगी आधी काढा. मध्य प्रदेशात २००१ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी वेगळा कायदा आहे.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. चेन काढून तेलात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळा, बारला कव्हर घाला आणि मशीन कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा. आमची आता घराच्या माळ्यावर असते, शेजारी सिरिंज आणि दोन कानशी.