पैसा, मरण आणि सार्वकालिक जीवन: ख्रिस्ती माणसाने हिशोब कसा लावायचा

आधी बायबलमधलं लूक १२:१६-२१ सावकाश वाचा, त्यातला श्रीमंत शेतकरी जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा प्लॅन करतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. पीक भरपूर आलं यात त्याची काही चूक नाही हां, चुकलं ते सगळं 'माझं माझं' करण्यात. मग स्वतःचं पासबुक काढा, मागच्या महिन्यात दुसऱ्यासाठी किती गेलं बघा. दानाचे पैसे पगार आला की लगेच बाजूला काढा, उरलं तर देऊ म्हटलं की कधीच उरत नाही. मृत्युपत्रही करून टाका, घाबरायचं काय त्यात! फक्त दान म्हणजे स्वर्गाचं तिकीट समजू नका, बायबलमधल्याच इफिस २:८-९ प्रमाणे तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनेच मिळतं, आणि योहान १७:३ मध्ये सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला आणि येशूला ओळखणं असं म्हटलंय, म्हणून प्रार्थनेला वेळ आत्ताच काढा, रिटायरमेंटची वाट बघत बसू नका.