जुनी मोटारसायकल घेताना नोंदणी कशी तपासावी

जुन्या मोटारसायकलीचा सौदा करताना लोक इंजिनाचा आवाज आणि टायरची झीज पाहण्यात तासभर घालवतात आणि आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) मात्र एकदा उलटसुलट करून परत देतात. इंजिन बिघडले तर कोणताही मेकॅनिक ते खोलू शकतो, पण नोंदणीतला दोष बहुधा विकणाऱ्याच्या मदतीशिवाय निघत नाही आणि पैसे मिळाल्यानंतर तो फोन उचलेलच असे नाही. म्हणून पुढील तपासणी टोकन देण्याआधी करावी.

सुरुवात चासी क्रमांकापासून करावी, नंबर प्लेटपासून नव्हे. एमएच ०४ म्हणजे ठाणे, ०५ म्हणजे कल्याण, ४३ म्हणजे नवी मुंबई आणि ४६ म्हणजे पनवेल. जवळचे पासिंग पाहून बरे वाटते, पण प्लेट दोन स्क्रूंनी बदलते. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी मुळातच मिळालेली असते, त्यामुळे २०२१ च्या गाडीवर साधी रंगवलेली प्लेट दिसली तर कारण विचारावे. चासी क्रमांक बहुतेक मोटारसायकलींवर हँडलखालच्या सांगाड्याच्या नळीवर ठोकलेला असतो आणि इंजिन क्रमांक इंजिनाच्या आवरणावर. खाडीकाठच्या दमट हवेत तेथे गंज आणि चिखल साचतो, म्हणून फडके सोबत न्यावे, मोबाइलच्या उजेडात सतराही अक्षरे मोठ्याने वाचावीत आणि आरसीशी ताडून पाहावीत. चासी क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, त्यामुळे तसे काही दिसल्यास ते १ किंवा ० आहे की खाडाखोड आहे हे पाहावे. अक्षरांची ओळ वाकडी असेल, आसपास ग्राइंडरच्या रेघा असतील किंवा तेवढ्याच भागावर नवा रंग असेल, तर तो सौदा सोडून द्यावा. कागद ठेवून पेन्सिलने चासी प्रिंट तिथेच काढून घ्यावी. नाव बदलण्याच्या अर्जावरही ती लागते.

त्यानंतर केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या एमपरिवहन ॲपमध्ये किंवा ‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकावा. नोंदणीची तारीख, मॉडेल, नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव तेथे दिसते. मालकाचे नाव मात्र अर्धवट झाकलेले असते, म्हणून विकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या डिजिलॉकरमधली आरसी समोर उघडायला सांगावे. व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो हा पुरावा नाही.

खरी फसगत चोरीच्या गाडीपेक्षा दुसऱ्याच प्रकारात अधिक होते, असे माझे मत आहे: गाडी विकणारा माणूस तिचा नोंदलेला मालकच नसतो. पहिल्या मालकाने सही केलेले कोरे टीटीओ (मालकी हस्तांतरणाचे) फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, गाडीबरोबर दोन-तीन हातांतून फिरतात आणि मधल्या कोणाचीच नोंद होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. अपघाताच्या भरपाईसाठी नोंदलेला मालकच गाडीचा मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे मूळ मालकाशी प्रत्यक्ष भेट झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याचे आरसीवरचे आणि आधारवरचे नाव जुळते का, हे पाहावे, आणि त्याचा चालू मोबाइल क्रमांक नोंदीत आहे ना याची खात्री करावी, कारण ऑनलाइन अर्जाचा ओटीपी तिथेच जातो. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा विकत असेल आणि वडील हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर व्हायला हवी. दुकानदाराकडून गाडी घ्यायची असेल, तर जुन्या वाहनांच्या विक्रीसाठी परिवहन कार्यालयाने दिलेले अधिकारपत्र मागावे. १ एप्रिल २०२३ पासून ते आवश्यक झाले आहे.

आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर «कर्ज फिटले आहे» हे शब्द पुरेसे नाहीत. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन विकणाऱ्याने आधी बोजा उतरवावा, आणि पोर्टलवरून बँकेचे नाव गेल्यावरच बोलणी पुढे न्यावीत.

थकीत ई-चलान वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासीचे शेवटचे काही अंक टाकून दिसतात. घोडबंदर रोड किंवा पाम बीच मार्गावर रोज धावणाऱ्या गाडीवर ती साचलेली असणे अजिबात नवलाचे नाही. रक्कम विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावी. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेत पाहता येते.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेव्हा चौदा वर्षांच्या गाडीचा भाव करताना तो खर्च आणि पर्यावरण कर मोजावा. गुजरात, दमण किंवा गोवा पासिंगची गाडी स्वस्त वाटते खरी, पण तिला मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला, येथील कर आणि नवा क्रमांक लागतो. राज्यातली गाडी असेल तर क्रमांक तोच राहतो: ऐरोलीत राहणाऱ्याने एमएच ०४ ची गाडी घेतली, तरी अर्ज आपल्या पत्त्यानुसार नवी मुंबईच्या कार्यालयाकडे करावा.

शक्य असेल तर काही रक्कम हातात राखावी आणि पोर्टलवर तुमचे नाव दिसल्यावर ती द्यावी. दरम्यान विम्याकडे दुर्लक्ष करू नये. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते, मात्र पॉलिसीवर आपले नाव चढवण्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.