घरी पाव भाजताना: पीठ, पाणी आणि थांबण्याची कला

घरी केलेला पाव बिघडला की दोष बहुधा यीस्टच्या किंवा ओव्हनच्या माथी मारला जातो, पण माझ्या पाहण्यात बहुतेक पाव बिघडतात ते घाईने. लवकर फुगावे म्हणून यीस्ट जास्त घातलेले असते, पीठ पुरते आंबण्याआधीच भाजायला घेतलेले असते आणि बाहेर काढलेला पाव गरम असतानाच कापलेला असतो. म्हणून पुढील कृतीत मळण्यापेक्षा थांबण्याविषयी अधिक लिहिले आहे.

एका मोठ्या पावासाठी ५०० ग्रॅम मैदा, ३४० मिलिलिटर पाणी, १० ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्यावे. बेकरीत पिठाचे वजन शंभर धरून बाकीचे जिन्नस त्याच्या टक्क्यांत मोजतात. त्या हिशेबाने येथे पाणी ६८ टक्के, मीठ २ टक्के आणि यीस्ट ०.६ टक्के आहे. हे प्रमाण एकदा ध्यानात आले की पाव लहान करा वा मोठा, कृती पुन्हा शोधावी लागत नाही. मात्र त्यासाठी वजनकाटा हवाच. वाटीत पीठ सैल भरले की दाबून भरले यावर वजन बरेच बदलते, आणि पाण्यात चार टक्क्यांचा फरक पडला तरी तो हाताला लगेच जाणवतो.

पिठाच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे प्रथिने किती आहेत ते छापलेले असते. हा आकडा साडेअकरा ते तेराच्या दरम्यान असलेले पीठ पावाला उत्तम. पिठातील ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिने पाण्याशी संयोग पावून ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार करतात, यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. कोंड्यासहित दळलेले पीठ वापरायचे असल्यास आरंभी एक चतुर्थांशच मिसळावे आणि पाणी पंधरा-वीस मिलिलिटर वाढवावे, कारण कोंडा पाणी शोषतो आणि त्याचे कण ग्लुटेनच्या तंतूंना अडथळा करतात.

प्रथम तीसेक मिलिलिटर पाणी बाजूला काढून उरलेले पाणी आणि पीठ हाताने नुसते एकत्र करावे, कोरडे पीठ कोठे राहू देऊ नये आणि झाकून अर्धा तास ठेवावे. रेमों काल्व्हेल या फ्रेंच पावतज्ज्ञाने रूढ केलेली ही पायरी ऑटोलीज या नावाने ओळखली जाते. या अर्ध्या तासात पीठ पाणी पिते आणि ग्लुटेन आपोआप जुळू लागते, त्यामुळे पुढचे मळण्याचे श्रम वाचतात. त्यानंतर बाजूच्या पाण्यात यीस्ट कालवून ते पिठात घालावे, मीठ भुरभुरावे आणि आठ-दहा मिनिटे मळावे. मिठाचा स्पर्श होताच यीस्ट मरते ही भीती अवाजवी आहे. लगोलग मळून घेतले तर काहीही बिघडत नाही. मीठ चवीपुरते नसते, ते आंबण्याचा वेग आवरते आणि पिठाला ताण देते, म्हणून ते वगळू नये.

हे पीठ चिकट लागणारच. अशा वेळी कोरडे पीठ टाकत राहण्याचा मोह आवरावा आणि हात पाण्याने ओले करून मळावे. पिठाचा लहान तुकडा दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणला असता तो न फाटता पलीकडचा उजेड दिसण्याइतका पातळ झाला, तर मळणे पुरे झाले.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच घड्याळावर सोपवली जाते. मळलेल्या पिठाचे तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असेल तर ते दुप्पट व्हायला सुमारे दोन तास लागतात. खोलीत ३२ अंश असतील तर तासा-सव्वातासात काम होते, आणि २० अंशांत साडेतीन-चार तासही लागू शकतात. म्हणूनच उकाड्यात पाणी फ्रीजमधले आणि थंडीत कोमट घ्यावे. पीठ सरळ कडांच्या पारदर्शक भांड्यात ठेवून आरंभीच्या पातळीवर खूण करावी, म्हणजे दुप्पट झाले की नाही याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही. पहिल्या तासात दोन वेळा ओल्या हाताने पिठाची एकेक कड उचलून, ताणून मध्यभागी दुमडावी. तयार पिठाचा वरचा भाग किंचित घुमटासारखा होतो, कडेला बुडबुडे दिसतात आणि भांडे हलवले की ते थरथरते.

पीठ ओट्यावर काढून सैलसर गोळा करावा, पंधरा मिनिटे विसावू द्यावा आणि मग कडा खाली ओढत घट्ट गोळा वळावा. वरची त्वचा ताणलेली असली पाहिजे, कारण त्या ताणावरच पाव वर चढतो. तांदळाचे पीठ भुरभुरलेल्या कापडावर, टोपलीत जोड वरच्या बाजूला ठेवून गोळा झाकावा आणि पाऊण ते एक तास फुगू द्यावा. बोटाने हलके दाबल्यावर खळगा ताबडतोब भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू आणि अर्धवटच वर आला तर ओव्हन गाठावा. सवड असल्यास याच टप्प्यावर टोपली फ्रीजमध्ये ४ अंशांवर आठ ते चौदा तास ठेवावी आणि तेथून थेट भाजायला घ्यावी. मला स्वतःला हाच मार्ग पसंत आहे, कारण सावकाश आंबण्यात आम्ले आणि सुगंधी द्रव्ये जमायला अवधी मिळतो आणि चव कितीतरी भरून येते.

झाकणाचे जाड लोखंडी भांडे ओव्हनमध्ये २३० अंशांवर पाऊण तास तापवावे. गोळा बेकिंग पेपरवर उलटवून त्यावर धारदार पात्याने सुमारे एक सेंटिमीटर खोल तिरकी चीर द्यावी, कागदासकट भांड्यात सोडावा आणि झाकण लावून पंचवीस मिनिटे भाजावा. झाकणाखाली पिठातीलच ओलाव्याची वाफ कोंडते, वरचा थर लवकर कडक होत नाही आणि पावाला फुगायला वाव मिळतो. नंतर झाकण काढून २२० अंशांवर आणखी वीस-पंचवीस मिनिटे, गडद तपकिरी रंग येईपर्यंत भाजावे. फिकट पाव हा बहुधा भित्रेपणाचा परिणाम असतो. मध्यभागी थर्मामीटर खुपसला असता ९६ अंशांच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. जड भांडे नसल्यास तेल लावलेल्या टिनमध्ये गोळा फुगवून २०० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे भाजावा. कवच तितके कुरकुरीत होणार नाही, पाव मात्र चांगलाच होईल.

जाळीवर काढलेला पाव दीड-दोन तास कापू नये. आतील स्टार्च अजून स्थिरावत असतो आणि ओलावा बाहेरच्या बाजूला सरकत असतो. गरम पाव सुरीला चिकटतो आणि आतून कच्चा वाटतो.

कापलेला पाव पुष्कळ काही सांगतो. आतला भाग गच्च आणि मध्येच दोन-चार मोठी भगदाडे असतील तर पीठ पुरेसे आंबलेले नव्हते. पाव बसका, आंबटसर आणि भाजूनही फिकट राहिला असेल तर आंबणे लांबले आणि रंग येण्यासाठी लागणारी साखर यीस्टने आधीच फस्त केली, असे समजावे.

पाव फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण त्या थंडाव्यात स्टार्च पुन्हा स्फटिकरूप होण्याची क्रिया वेग घेते आणि पाव लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणारा भाग कापडात गुंडाळून बाहेर ठेवावा. उरलेल्याचे काप करून हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये घालावेत आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये टाकावेत.