पाणवठ्याकाठी चालण्याचा ट्रॅक बांधताय? या चुका टाळा

६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पवई तलावाकाठचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक बेकायदा ठरवला. काम थांबवा, केलेलं बांधकाम काढा, जागा होती तशी करा, असा आदेश महापालिकेला मिळाला. ट्रॅकची कल्पना मला आजही वाईट वाटत नाही. मुंबईत मोकळेपणाने चालायला जागा आहेच कुठे? पण रेषा चुकीच्या ठिकाणी आखली गेली, आणि तीच चूक गावोगावच्या तलावांवर होताना दिसते.

सुरुवात बहुतेक वेळा एका ओळीपासून होते. सल्लागार डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालात) लिहितो, ‘पर्यावरण मंजुरी : लागू नाही’. २००६ च्या ईआयए (पर्यावरण परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत चालण्याचा ट्रॅक सहसा बसत नाही, एवढंच त्यात खरं. पाणथळ जागांचे नियम, सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामांचे नियम), झाडांचा कायदा, वन्यजीव कायदा हे सगळं तरीही उरतंच. पवईत पालिकेचं म्हणणं होतं की तलाव मानवनिर्मित आहे आणि गॅबियनच्या, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेट्यांच्या बांधणीतून पाणी आरपार जातं, म्हणजे भराव झालेलाच नाही. न्यायालयाला ते पटलं नाही. देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षण दिलं. आधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला पाणथळ जागांच्या नियमांची मनाई आहे. सूट आहे ती फक्त बोटींच्या धक्क्यांना. हे निविदेनंतर कळलं, तर कार्यारंभ आदेश हातात असूनही काम उभं राहत नाही. म्हणून ही तपासणी डीपीआरच्या आधी करा.

आता ती पूरपातळी. इथे मी स्वतः चुकलो आहे. एका तलावाचा सर्व्हे आम्ही एप्रिलमध्ये केला. पाणी खाली गेलेलं, काठ कोरडा, टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावायला सोयीचं. दिसणाऱ्या काठापासून ५० मीटर मोजले आणि रेषा मारली. तिथे जाळी विणत बसलेले एक काका उठले आणि आम्हाला बऱ्याच अंतरावरच्या बाभळीपाशी घेऊन गेले. खोडावर छातीच्या उंचीला गाळाची तपकिरी रेघ होती, काट्यांत प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या. “पाणी इथवर येतं साहेब, तुमचा रस्ता पाण्यात आहे,” एवढंच म्हणाले. आम्ही पाटबंधारे खात्याच्या नोंदी काढल्या, ते बरोबर होते. संपूर्ण आखणी मागे सरकवावी लागली. तेव्हापासून माझा आग्रह असतो की उन्हाळ्यातल्या पाण्यावरून काठ ठरवू नका. एक पावसाळा उभं राहून बघा आणि जुन्या नोंदी मागवा.

नदीकाठी हाच प्रश्न निळ्या रेषेचा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. पुण्यात विठ्ठलवाडीजवळ नदीपात्रातून नेलेल्या रस्त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये आदेश देऊन तो निळ्या रेषेबाहेर न्यायला लावला.

झाडांबद्दल थोडक्यात. फक्त तोडायची झाडं मोजू नका. ज्यांची मुळं मुरुमाखाली आणि पेव्हर ब्लॉकखाली जाणार आहेत, तीही यादीत घ्या. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, झाडावरची नोटीस, हरकती या सगळ्याला वेळ लागतो. तो वेळापत्रकात आधीच धरा.

वेळापत्रकाचा खरा शत्रू मात्र मार्च आहे. निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा, म्हणून फेब्रुवारीत आदेश निघतो, एप्रिल-मेमध्ये मुरूम पडतो, रोलर फिरायच्या आत पाऊस येतो आणि तो सगळा मुरूम तलावात जातो. मग मुदतवाढ, वाढीव दर, आणि गढूळ झालेलं पाणी.

त्याऐवजी तलावाचं वर्ष कागदावर मांडा. जून ते सप्टेंबर पाणी चढतं, स्थानिक पाणपक्ष्यांची वीण असते. ऑक्टोबर ते मार्च पाहुणे पक्षी असतात. पवईसारख्या तलावात मगरी आहेत. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठच्या मातीत अंडी घालतात आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. असे बारा चौकोन भरून पाहा. पाण्यालगत जेसीबी लावायला एकही महिना रिकामा सापडत नाही. ट्रॅक पाण्यापासून लांब, आधीच्या रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या बाजूने न्यायचा हे तिथेच ठरतं, आणि पाणी बघायला मधेमधे थांबे ठेवता येतात. लांबच्या पट्ट्यातली माती-मुरुमाची कामं पाऊस ओसरला की सुरू करा आणि एप्रिलपर्यंत आवरा. मे महिना गटारं आणि उतार तपासायला मोकळा ठेवा. पहिल्या सर्व्हेपासून कार्यारंभ आदेशापर्यंत एक पूर्ण वर्ष लागेल, हे सभागृहात पहिल्याच दिवशी सांगा. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहितेचे आठवडेही त्यात जोडा.